डोंगराचे फोटो, पण मापाचे

फोन सगळ्यांच्याच खिशात आहेत ना? ट्रेकला गेलो की कड्यावर उभं राहून आपण पॅनोरमा मारतोच, मग त्यात मित्राला तीन हात येतात ते सोडा. आज दाखवतोय तेही पॅनोरमाच आहेत, पण ते छान दिसावेत म्हणून काढलेलेच नाहीयेत, काढलेत मोजायला.

कॅनडातले रॉकी पर्वत. 1885 मध्ये तिथली पॅसिफिक रेल्वे जोडून झाली आणि सरकारला त्या पट्ट्याचे नकाशे हवे होते. पण उन्हाळा जेमतेम काही महिन्यांचा, त्यात पाऊस, ढग, वणव्यांचा धूर, शिखरावर चढून मोकळं आकाश मिळालं तर तास-दोन तास, तेवढ्यात तिथे बसून नकाशा काढणार कधी? सर्व्हेअर जनरल, म्हणजे सरकारी मोजणीचे प्रमुख, होते एदुआर देव्हिल, मूळचे फ्रेंच. त्यांचा हिशोब सरळ होता, वर फक्त फोटो घ्या, नकाशा हिवाळ्यात ऑफिसात बसून काढू.

आता गंमत बघा. फोन सगळं शिवून एक पट्टा करतो आणि त्यात सरळ रेघ वाकते, धरणाची भिंत घेऊन बघा, धनुष्यासारखी येते. हे लोक तसं करत नव्हते. कॅमेरा लेव्हलला बसवायचा, एक काचेची प्लेट (फिल्मच्या जागी, फोटो त्या काचेवरच उमटायचा), थोडा फिरवून दुसरी, कडा एकमेकांवर येतील अशा बेताने, असं गोल फिरत जायचं आणि प्रत्येक प्लेट सुटीच ठेवायची. लेन्सपासून प्लेटचं अंतर पक्कं माहीत असतं, म्हणून एखादा सुळका मधल्या रेघेपासून किती लांब आहे ते पट्टीने मोजलं की कोन निघतो. तोच सुळका दुसऱ्या शिखरावरच्या प्लेटवर शोधायचा, तिथूनही कोन काढायचा, कागदावर दोन रेघा जिथे कापतात तिथे आपला सुळका. क्षितिजाच्या रेघेपासून वर-खाली मोजलं की उंची. बस, शाळेतली त्रिकोणमिती.

हाच कॅमेऱ्याचा सर्व्हे 1921 ला एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेत आला. ऑलिव्हर व्हीलर, कॅनडाचा माणूस, वडील रॉकीजमधले सर्व्हेअर, हा स्वतः सर्व्हे ऑफ इंडियात. महिनोन्‌महिने ढग उघडायची वाट बघत बसला आणि तरी साधारण 600 चौरस मैलांचा फोटो-सर्व्हे केला. त्याच मोहिमेत मॅलरी, गिर्यारोहकांचा हिरो, त्याने सुरुवातीला कॅमेऱ्यात प्लेटी उलट्या घातल्या, सगळी मेहनत वाया आणि पुन्हा चढ! (मला हे वाचून फार बरं वाटलं, खरं सांगतो.) आणि पूर्वेच्या रोंगबुक हिमनदीचं तोंड मॅलरीला दिसूनही कळलं नव्हतं, तिथे आत शिरून बघितलं ते व्हीलरने. पुढे 1922 आणि 1924 च्या मोहिमा त्याच वाटेने नॉर्थ कोलला, म्हणजे एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या खिंडीला, गेल्या. व्हीलर मग आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाचा सर्व्हेअर जनरल झाला, त्याचं नाव कितीजणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा.

त्या कॅनडातल्या प्लेटी, लाखाच्या वर आहेत, नकाशे छापून झाल्यावर पडूनच होत्या. ब्रिजलंड नावाच्या सर्व्हेअरने 1915 ला रॉकीजमधल्या जॅस्पर भागात 92 ठिकाणांवरून 735 फोटो घेतले होते, 1990 च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी त्याच जागी जाऊन पुन्हा घ्यायला सुरुवात केली. जागा सापडणंच कठीण. जवळचा दगड आणि लांबचं शिखर जुन्या फोटोत जसे एकमेकांमागे दिसतात तसे दिसायला पाहिजेत, चार पावलं इकडेतिकडे झालं की दगड सरकतो, मग पुन्हा मागे, पुन्हा डावीकडे, थंडीत.

लाइट घालवा जरा. जोडी दाखवतो, डावीकडे 1915, उजवीकडे नंतरचा. शिखराकडे बघू नका, ते तिथेच आहे. खाली दरीत बघा, डावीकडे मोकळं गवत आणि विरळ झाडं, उजवीकडे तीच दरी झाडीने गच्च. नॅशनल पार्क झालं, वणवे विझवायला लागले, जंगल दाटलं. ब्रिजलंडने दरीकडे मुद्दाम कॅमेरा लावलाच नव्हता, ती फ्रेममध्ये आपोआप आली.