वहीतले खाडे

मंडळी, सुरुवात आपल्या पऱ्हाटीपासूनच करतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून थंडावल्या. तोवर इंग्लंडचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तिकडून यायचा, बहुतेक गुलामांनी वेचलेला. मग व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, १८६५ ला युद्ध संपल्यावर कोसळलेही. पण वऱ्हाडच्या कापसाचं नाव झालं होतं. १८७० मध्ये खामगावच्या बाजाराला रेल्वेचा फाटा मिळाला. तिसऱ्याच वर्षी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा गुलामांच्या नोंदींवरून गोष्ट कशी लिहावी, हा विषय मी लांबून आणलाय असं समजू नका.

आता कागद बघू. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव ठळक. त्याखाली गुलामाचं वय, लिंग, रंग. नाव सहसा नाहीच. इतिहासकाराला इथं थांबावं लागतं, आणि त्यानं थांबावंच.

कादंबरीकाराचं तसं नसतं. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून लेकरांसह पळाली. पकडायला आलेल्यांनी घराला वेढा घातला, तेव्हा लेक पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं तिला मारलं. कोर्टात प्रश्न आला तो ही बाई कुणाची मालमत्ता, हा. ती मालकाला परत दिली गेली. अमेरिकी कादंबरीकार टोनी मॉरिसननं या घटनेचं कात्रण घेतलं आणि १९८७ च्या ‘बिलव्हेड’ कादंबरीत मेलेली लेक तरुण बाई होऊन घरी परत आणली. भूत आणलं म्हणजे इतिहास बाटला, असं काही जण म्हणतील. मला नाही पटत. कोर्टानं आईला जे विचारलंच नाही, ते विचारायला कुणीतरी दारात यायला हवं होतं.

आपल्याकडे सालदार होता, वर्षाच्या करारावर राबणारा शेतगडी. त्याला गुलाम म्हणून मोकळं होऊ नका; तो बाजारात विकला जात नव्हता, आणि दोन दुःखं एका मापानं मोजणं हा लेखकाचा आळस आहे. पण वही सारखीच. आमच्या घरच्या जुन्या वहीत बैलांची नावं आहेत, मोऱ्या आणि चांद्या. सालदारासमोर नुसती उचल, ज्वारी आणि खाडे. एका कार्तिकात सलग ३ खाडे. ऐन वेचणीत!

नवा लेखक लगेच त्याचं लेकरू आजारी पाडेल. का बुवा? तो शेजारच्या गावात दंडारीत, म्हणजे आपल्या लोकनाट्यात, सोंग घेऊन नाचलाही असेल. मालकानं पैसे कापले ते वहीत आहे. परतल्यावर बायको काय बोलली, ते तुम्ही लिहा, आपल्या वऱ्हाडीत लिहा. फक्त ३ खाड्यांचे ४ करू नका.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर अशा वह्या पडल्या असतील तर रद्दीवाल्याआधी मला बोलवा.