बुलेटचा आवाज नेमका कुठनं येतोय?

नमस्कार मंडळी, आज जुन्या बुलेटबद्दल बोलूया, म्हणजे ती कास्ट आयर्न इंजिनवाली ३५०, ७० मिलिमीटरचा बोर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव). आता ही गाडी गप्प कधीच बसत नाही, थोडी टकटक करणारच, त्यामुळे आवाज आला की लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आधी बघा की आवाज कधी येतो. गार असताना की तापल्यावर, चढावर की थ्रॉटल सोडल्यावर. निम्मं निदान इथंच होतं.

वरनं बारीक टिक टिक टिक येत असेल तर बहुतेक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी वर ढकलणारा भाग. व्हॉल्व्ह (झडप) क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांना एकदाच उघडतो म्हणून ही टिकटिक इंजिनच्या निम्म्या वेगानं चालते, खालचा आवाज मात्र प्रत्येक फेरीला. आयडलिंगला ठेवून नीट ऐका, फरक कळतो. उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी टॅपेटचं छोटं झाकण असतं ते काढायचं, पण इंजिन पूर्ण गार पाहिजे आणि पिस्टन कॉम्प्रेशनला वर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर. पुशरॉड (तीच व्हॉल्व्हची दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, बस्स. काही लोक आवाज नको म्हणून एवढं टाइट करतात की व्हॉल्व्ह बसतच नाही, मग किक मऊ लागते, गाडी सुरू व्हायला रडते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. मला विचाराल तर थोडी वाजणारी बुलेट परवडली.

टॅपेट बरोबर आहे तरी टिकटिक थांबत नाही? सायलेन्सरचा बेंड (वाकडा पाइप) हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाला, जिथं बसतो तिथं लीक बघा. जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरा, आवाज वाढला तर चोर सापडला. डावीकडनं खरखर, खडखड आली तर प्रायमरी चेन (इंजिनकडनं क्लचकडं जाणारी) ढिली असेल, साधारण ६ मिलिमीटर खेळ ठीक.

गार असताना ठकठक आणि तापल्यावर कमी, तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय, त्यावर घाई नाही. चढावर वरच्या गिअरला पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला तर आधी टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जास्त अॅडव्हान्स, म्हणजे लवकर, झालंय का ते बघा, पिस्टनला दोष नंतर द्या.

आता खरी भीती. लोड आला की किंवा थ्रॉटल सोडताना खालनं जड, बोदा ठोका येतो, तो बिगेंडचा, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा. तिथं गाडी बंद, घरापर्यंत हळूहळू नेतो वगैरे काही नाही, टेम्पोत टाका. हेड-सिलिंडर काढून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघायचा, खेळ जाणवला तर गेलं, आडवा थोडा हलतो ते चालतं. आणि ते कशामुळं गेलं, तेही शोधा! टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनच्या उजवीकडच्या झाकणात) एक छोटं कॉर्कचं सील असतं, त्यातूनच ऑइल क्रँककडं जातं, कव्हर उघडलं की ते नवंच टाकायचं. मेकॅनिक म्हणेल जुनं चांगलंय हो साहेब. ऐकू नका त्याचं, सील फार महाग नाही, क्रँक मात्र आहे.