चुना, तीन सेल आणि एक मार्कर

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर संध्याकाळचे सात वाजलेत, पण जून महिना आहे, ऊन जायचं नावच घेत नाहीये. हे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही वरचं ऑर्कनी बेट. इथून डायव्हर्सच्या बोटी निघतात त्या स्कापा फ्लो या खाडीकडे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांची ७४ जहाजं इथं अडकवून ठेवलेली, २१ जून १९१९ ला त्यांच्याच खलाशांनी झडपा उघडून ती बुडवायला घेतली, ५२ तळाला गेली, बरीचशी नंतर भंगारासाठी वर काढली, पण सात मोठी अजून खाली आहेत. मार्कग्राफ ही युद्धनौका तर ४५ मीटरवर पालथी पडलीये.

जहाजं तुम्ही दुसऱ्या व्हिडिओत बघा. आपला कॅमेरा आज डेकवरच थांबणार, रीब्रीदर या पाण्याखाली श्वास घ्यायच्या यंत्राची तयारी बघायला, या २० किलोच्या पिंपापाशी.

आत काय आहे? चुना. खरंच चुना. आज्जीच्या पानाच्या डब्यातला असतो तोच कॅल्शियम हायड्रॉक्साईड, फक्त दाणेदार, एक ते अडीच मिलिमीटरचा दाणा, त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि मुद्दाम राखलेला ओलावा. ब्रँडचं नाव सोफ्नोलाईम, इथं सगळे नुसतं लाईम म्हणतात. शाळेत निवळीत स्ट्रॉने फुंकून ती दुधाळ केलेली आठवतीये ना, तीच केमिस्ट्री. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड चुना धरून ठेवतो आणि त्याचा खडू होतो.

रीब्रीदर म्हणजे तेवढंच. साध्या स्कूबात तुम्ही श्वास सोडला की बुडबुडे वर, आणि त्यातला बहुतेक ऑक्सिजन न वापरताच वाया. इथं तोच श्वास नळीतून फिरून चुन्यातून गाळला जातो, शरीराने जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढाच मशीन वरून टाकतं, की परत तोंडात. कल्पना काही नवी नाही, हेन्री फ्लूस नावाच्या इंग्रजाने १८७८ मध्येच असं यंत्र केलं होतं, त्यात चुन्याच्या जागी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोरखंडाचा काथ्या होता.

आता या बाईंचे हात बघा. कॅनिस्टर, म्हणजे मशीनमधला चुन्याचा डबा, अर्धा भरला, बाजूने टपटप टपटप मारलं, पुन्हा ओतलं, पुन्हा टपटप. डब्यात रवा भरताना आपण आपटतो ना तसंच, पण इथं पोकळी राहिली तर हवा चुन्याला न शिवता त्या फटीतून निघून जाते आणि कार्बन डायऑक्साईड थेट तोंडात. धाप लागते, डोकं गरगरतं, आणि ४० मीटरवर धाप लागली की माणूस अजून जोरात श्वास घेतो, म्हणजे अजून जास्त कार्बन डायऑक्साईड. डायव्हच्या आधी पाच मिनिटं बसून त्यावर श्वास घेऊन बघायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण फट लहान असेल तर तेवढ्यात काही कळत नाही.

एका भरण्याला साधारण अडीच किलो लागतं, हे मशीनगणिक बदलतं. रोज एकदा भरलं तर सहा दिवसांत १५ किलो, म्हणजे पाऊण पिंप संपलंच. आणि किती वेळ चालतं याचा आकडा घड्याळासारखा नसतो, पाणी गार असलं, तुम्ही पाय जास्त मारले की लवकर संपतं. ऑपरेशन थिएटरमधे भूल द्यायच्या मशीनलाही हाच चुना असतो, तिथला संपला की जांभळा होतो. मग इथं रंगाचा का नको? कारण तो रंग थोडा वेळ पडून राहिला की परत पांढरा होऊ शकतो. तुम्हाला वाटणार, अरे वा, फ्रेश आहे! चुना लावणं म्हणतात ते हेच.

पाणी आत शिरलं तर आणखी गंमत. चुन्याचं पाणी नळीतून थेट तोंडात, जीभ, घसा सगळं भाजतं. डायव्हर लोक याला कॉस्टिक कॉकटेल म्हणतात, नाव ऐकून वाटतं त्यापेक्षा फारच वाईट असतं ते. म्हणून ही रबराची ओ-रिंग बघताय, केस अडकलाय का, चीर गेलीये का, रोज हात फिरवून बघायची. ग्रीस ऑक्सिजनला चालणारंच, गॅरेजमधलं लावलंत तर आगीशी खेळ.

आता खरी नाजूक गोष्ट. ऑक्सिजन मोजणारे हे तीन छोटे सेल. प्रत्येक सेल म्हणजे एक बारकी बॅटरीच, आत शिसं, वरती पातळ पापुद्रा, ऑक्सिजन जितका जास्त तितके मिलिव्होल्ट जास्त. बाईंनी हवेत रीडिंग घेतलं, १०. मग शुद्ध ऑक्सिजन सोडला. हवेत २१ टक्के असतो, म्हणजे आता ४७-४८ यायला पाहिजे. पहिला ४७.५. दुसरा ४७. तिसरा ४३ वर येऊन अडला. पुन्हा ऑक्सिजन सोडला, कारण कधी आत थोडी हवा राहिलेली असते, पिनवर गंज असतो, पापुद्र्यावर थेंब असतो. कनेक्टर काढून पुसला. तरी ४३.

आता कुणी म्हणेल, तीन आहेत की, दोन तर बरोबर आहेत! मशीनही तसंच ठरवतं, दोघांचं जुळलं की तिसऱ्याला बाजूला काढतं. आज ते बरोबर निघालं असतं. पण तिन्ही सेल एकाच बॅचचे, एकाच दिवशी बसवलेले असले तर म्हातारे पण एकदमच होतात, आणि मग दोन खोटे साक्षीदार मिळून एका खऱ्याला खोटं पाडतात. थकलेला सेल वर अगदी शहाण्यासारखा वागतो, खाली दाब वाढला की त्याचा ऑक्सिजनच्या दाबाचा आकडा १.१ बारवर अडकून बसतो. मशीनला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, ते टाकत राहतं, आकडा हलत नाही, खरा ऑक्सिजन मात्र वाढत जातो, आणि मग फिट येते. पाण्याखाली फिट म्हणजे माऊथपीस सुटणार. म्हणून सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन भरून १.६ च्या आसपास आकडा येतो का बघतात, डेकवरच्या साध्या हवेच्या दाबात हे कळत नाही.

माझं मत विचाराल तर महागड्या कॅमेऱ्याच्या लाईटपेक्षा आधी सेलला पैसे काढून ठेवा. बसवल्यापासून वर्षभर, ही साधारण मर्यादा. वापरा की नका वापरू, शिसं आत झिजतच असतं.

बाईंनी नवीन सेल काढला, पाकिटावरची तारीख वाचली, मार्करने सेलवर आजची तारीख घातली. जुन्यावर मोठी फुली मारली. स्पेअर म्हणून बॅगेत टाकायचा मोह होतोच, म्हणून आधी फुली. शिसं आहे, कचऱ्यात टाकायचा नाही, तो वेगळ्या डब्यात गेला. मशीनचं डोकं उघडं ठेवून आतला ओलावा वाळायला ठेवला.

कॅनिस्टरमधे सकाळच्या डायव्हनंतर अजून ५० मिनिटांचा चुना शिल्लक होता, टेपवर तसं लिहिलंय. तोही त्यांनी मघाशी, आपण यायच्या आधीच, ओतून टाकला होता. उद्या मार्कग्राफ आहे.