बायपास छातीत, दुखणं पायात

(दृश्य : निपाणीतली अरुंद गल्ली. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. आत कॉटवर बसलेल्या बाई, भोवती पाहुणे.)

बायपास करून माणूस घरी आलं की भेटायला येणाऱ्या सगळ्यांचं लक्ष छातीवर. शहाळं, मोसंबी पुढे ठेवतात आणि विचारतात, "छातीत दुखत नाही नव्हं आता?" पायाचं कुणी विचारत नाही. या मावशींनी मात्र आम्हाला बसा म्हणायच्या आधीच साडी वीतभर वर घेतली. "छातीचं काय वाटेना झालंय. ह्यो पायच आडवा आलाय बघा."

नाव सांगू नका, असं त्यांचं म्हणणं. वय साठीच्या आसपास, साखर जुनी आणि निम्मं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं.

(दृश्य : डाव्या पायाची आतली बाजू. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लांब व्रण; खालच्या तीन बोटांएवढ्या भागावर अजून पट्टी.)

हृदयाच्या बुजलेल्या धमनीला वळसा घालायचा तर दुसरी रक्तवाहिनी लागते, आणि ती बऱ्याचदा पायातून काढतात. घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघून जांघेपर्यंत जाणारी ही लांब शीर. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी १९६७ मध्ये ती वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली. भारतात पहिली बायपास डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये केली. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती हृदयावर उलटी करून जोडतात. छातीतली एक धमनीही वापरतात आणि ती पायाच्या शिरेपेक्षा जास्त वर्षं टिकते. पण जोडण्या तीन-चार असल्या की एकट्या तिच्यावर भागत नाही.

शीर काढली म्हणून पाय निकामी होत नाही. रक्त वर नेण्याचं मोठं काम खोलवरच्या शिरा करतात. पण त्यांना नवा भार अंगवळणी पडेपर्यंत काही आठवडे संध्याकाळी घोटा सुजतो. शिरेला लागूनच एक बारीक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात. कुणाचा बधिरपणा काही महिन्यांत जातो, कुणाचा थोडासा कायम राहतो. हे सगळं अपेक्षितच. शस्त्रक्रियेआधी कुणीतरी दोन मिनिटं बसून ते सांगायला हवं, इतकंच. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं निम्मं कानडीत आणि घरी विचारणारे मराठीत. या गडबडीत पायाचा मुद्दा निसटतो.

(दृश्य : ड्रेसिंग. जुनी पट्टी निघते, सिस्टर कडा बोटाने दाबून पाहते.)

मावशींचा पाय मात्र नुसता सुजून थांबला नाही. घोट्याजवळचे दोन टाके उसवले, पाणी यायला लागलं. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी आधी हळद आणि तेल भरलं. चार दिवसांनी कडा लाल, हात लावला तर गरम, पट्टीला वास. तेव्हा कुठे दवाखाना.

छातीची जखम भरून येते आणि पायाचीच का रेंगाळते? हृदयापासून दूर, त्यातून सूज, वर साखर. वजन जास्त असेल तर त्वचेखालच्या चरबीला रक्त तोकडं पडतं. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्यांच्या तर पायाच्या धमन्याही आधीच अरुंद झालेल्या असतात. हृदयाची धमनी ज्या कारणाने बुजते त्याच कारणाने पायाचीही बुजते, हे आपल्याकडे फारसं कुणी जोडून बघत नाही. शंभर पावलं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की उतरते. असं होत असेल तर ते शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं. वयाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नये.

आता काही मोठ्या रुग्णालयांत लांब चीर न देता, गुडघ्याजवळच्या लहान छेदातून दुर्बिणीने शीर काढतात. त्यात जखमेचा त्रास बराच कमी होतो. सगळीकडे ती सोय नाही, पण विचारायला काय जातं?

(दृश्य : सकाळ. मावशींचा मुलगा पायमोजा चढवतोय.)

हा घट्ट पायमोजा अंथरुणातून उतरायच्या आधी घालायचा. एकदा पाय खाली सोडला, सूज भरली, की तो चढत नाही आणि वळ्या पडून रुततो. मुलगा तो आधी टाचेपर्यंत उलटा करतो, पंजा आत सरकवतो, मग इंच इंच वर ओढतो. ज्यांच्या पायाच्या धमन्याच अरुंद आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मोजा घालू नये. आधीच कमी पोचणारं रक्त आणखी अडतं.

(दृश्य : अंधारी पडवी, टॉर्चचा उजेड एका पावलावर.)

इथवरचा त्रास चिवट असला तरी सावकाशीचा आहे. दुसरा एक प्रकार तासांच्या हिशेबाचा असतो. पाय एकाएकी गार पडतो, पांढरा किंवा निळसर दिसतो, असह्य दुखतो, मग बधिर होतो, बोटं हलत नाहीत. याचा अर्थ धमनीत गुठळी अडकली. साधारण सहा तासांत रक्त पुन्हा सुरू झालं नाही तर स्नायू मरायला लागतात आणि पाय गमवायची वेळ येते. अतिदक्षता विभागात हृदयाला आधार म्हणून जांघेतून फुग्याचा पंप घातला असेल, तर त्यानेही पायाचं रक्त अडू शकतं. म्हणूनच तिथली सिस्टर दर थोड्या वेळाने पावलावर बोटं ठेवून नाडी चाचपते.

घरी हा धोका जास्त कुणाला, तर ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांना आणि ज्यांनी हृदयात धातूची झडप बसवून घेतली आहे त्यांना. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांनी चुकवायची नाही आणि ती किती घ्यायची हे पीटी-आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासणीवर ठरतं. सांगायला सोपं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांत, आषाढात तपासणीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. मग "गेल्या महिन्यात बरोबर होतं की" म्हणून पुढे ढकललं जातं. त्या रिपोर्टची मुदत डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंतच असते. पाय गार पडला तर मालिश करत, शेक देत बसू नका. १०८ लावा, आणि फोनवर "हृदयाचं ऑपरेशन झालंय, पाय गार पडलाय" ही दोन्ही वाक्यं सांगा.

एकाच पोटरीत अचानक वाढलेली सूज आणि ठणका हीही थांबायची गोष्ट नव्हे. तिथल्या शिरेत गुठळी झाली असेल आणि ती फुप्फुसात गेली तर दम लागतो आणि जिवावर बेततं.

खर्चाचं थोडक्यात. कर्नाटकाची योजना आहे, महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले योजना आणली, त्यावरून दोन्ही सरकारांची ओढाताणही झाली. एक दिवसाआडच्या ड्रेसिंगला लागणारं रिक्षाभाडं मात्र घरच्याच खिशातून जातं.

(दृश्य : विडी वळणारे हात. तेंदूचं पान, कात्री, सूप, दोरा.)

मावशींची आणखी एक तक्रार पायाची नव्हेच. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट सुन्न. शस्त्रक्रियेत छातीचं हाड फाकवून धरतात तेव्हा वरच्या फासळ्यांशी मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात. छातीतली डावी धमनी काढताना त्या बाजूला ओढ अधिक बसते. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुधारतं. पण जिचं पोट बोटांच्या टोकांवर आहे, तिने तोवर काय करायचं?

डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हटलंय, आणि विडी तर मांडीवर सूप घेऊनच वळायची. खुर्चीवर सूप घसरतं. म्हणून मुलाने खुर्चीच्या दोन हातांवर फळी ठोकून दिली, पायाखाली स्टूल दिलं. तासाभराने उठून दारापर्यंत फेरी मारायची, हा सुनेचा नियम. हजार विड्या आता दिवसात होत नाहीत. तोंड नीट न वळलेल्या विड्या कारखान्यातून अजून परत येतात. पण पहिल्या महिन्यात मूठभर यायच्या, या आठवड्यात सात-आठच आल्या. मावशी त्या मोजून आम्हाला दाखवतात.