भाड्याच्या घरातील स्वयंपाकघर: उपकरणे बदलताना

उपस्थित घरमालक मंडळी आणि बंधुभगिनींनो,

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात घराचा वरचा मजला किंवा परसातल्या दोन खोल्या भाड्याने देऊन संसाराला हातभार लावणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे इथे राहायला येणारी लष्करी कुटुंबे, बदलीवर आलेले बँकेतले कर्मचारी हे आपले नेहमीचे भाडेकरू. त्यांना शेगडी आणि फ्रिज असलेले घर हवे असते, आणि ही उपकरणे कधी ना कधी बदलावी लागतात. स्वतःच्या घरासाठी खरेदी करताना जी अडचण येत नाही ती इथे येते: पैसे मालक मोजतो, उपकरण भाडेकरू वापरतो, विजेचे बिल भाडेकरू भरतो आणि बिघाड झाला की फोन मात्र मालकाला येतो. म्हणून दुकानात गेल्यावर किमतीची चिठ्ठी वाचण्याआधी भाडेकरूचे मीटर आणि आपल्या गावातला मेकॅनिक या दोहोंचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मीटरचा विचार कर्नाटकात राहणाऱ्यांनी अधिकच करायला हवा. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटांपर्यंतच्या विजेची सवलत मिळते आणि भाडेकरूही तिला पात्र असतात. प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरते. तिच्यापुढे जेवढी वीज जास्त वापरली तेवढ्याचे पैसे भरावे लागतात आणि वापर २०० युनिटांच्या पुढे गेला तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. आता आपण हिशेब मांडून पाहू. शेगडी बिघडली म्हणून मालकाने ‘सिलिंडरची कटकट नको’ या विचाराने २००० वॉटची इंडक्शन शेगडी बसवून दिली आणि ती पूर्ण शक्तीवर रोज दीड तास चालली, तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० युनिटे लागतात. न्हाणीघरात २००० वॉटचा गिझर रोज तासभर चालत असेल तर आणखी ६० युनिटे. फ्रिज, पंखे, दिवे आणि दूरदर्शन संच यांची भर पडली की २०० चा आकडा दूर राहत नाही. मालकाने दोन हजारांत काम भागवले म्हणून भाडेकरूच्या घरात दरमहा बिल येऊ लागले, तर तो व्यवहार न्याय्य नव्हे, आणि असा भाडेकरू फार काळ टिकतही नाही.

इंडक्शनची दुसरी बाजू वायरिंगची आहे. २००० वॉटच्या शेगडीला २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो, आणि जुन्या घरांच्या ओट्यावर बहुधा ६ अँपिअरचाच प्लग असतो. त्यात अडॅप्टर घालून शेगडी चालवली की आधी प्लगचे प्लास्टिक पिवळे पडते, मग सॉकेटमधून जळकट वास येऊ लागतो. शहापूर, वडगाव भागातल्या जुन्या घरांत अर्थिंगच नसल्याचे मी कामानिमित्त पाहिलेले आहे. अशा घरात फ्रिजच्या दाराला ओला हात लावला की झिणझिण्या येतात. नवे उपकरण आणण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे, स्वयंपाकघरासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही म्हणून टाळला जातो, पण माझ्या मते सर्वांत आधी करायचा खर्च हाच आहे.

म्हणून मुख्य शेगडी गॅसचीच असावी. आपल्याकडच्या घरांत ज्वारीची भाकरी होते आणि ती तव्यावरून उतरवून थेट जाळावर फुगवावी लागते. ते काम इंडक्शनवर होत नाही. शेगडी घेताना आयएसआय चिन्ह पाहावेच. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, त्यामुळे चिन्ह नसलेली स्वस्त शेगडी भाडेकरूचा सिलिंडर लवकर संपवते. काचेच्या पृष्ठभागाची शेगडी देखणी दिसते, पण जड कुकर आदळला किंवा तापलेल्या काचेवर गार पाणी सांडले तर ती तडकू शकते, आणि मग नुकसान कोणी भरायचे यावरून वाद होतो. भाड्याच्या घरासाठी स्टेनलेस स्टीलची, पितळी बर्नर असलेली दोन चुलींची शेगडी मला योग्य वाटते. भाताची पेज उतू जाऊन बर्नरची छिद्रे बुजली आणि ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर असा बर्नर काढून, घासून, सुईने छिद्रे मोकळी करून पुन्हा बसवता येतो. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. ओट्याचा दगड कापून आत बसवायची हॉब शेगडी मात्र घेऊ नये, कारण पुढे ती बदलायची वेळ आली की त्याच मापाची दुसरी शोधावी लागते आणि नाही मिळाली तर दगडच बदलावा लागतो. शेगडीसोबत सुरक्षा होज, म्हणजे सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची गॅसची नळीही नवी घ्यावी. तिची मुदत ५ वर्षांची असते आणि तारीख तिच्यावरच छापलेली असते. गॅसगळतीच्या तक्रारीचा १९०६ हा क्रमांक ओट्याजवळच्या भिंतीवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लावावा, कारण पुढचा भाडेकरू कोणती भाषा बोलणारा असेल हे आज सांगता येत नाही.

फ्रिजच्या बाबतीत आधी तो खरोखर बदलायला हवा का ते पाहावे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अलगद निसटत असेल तर दाराचे रबर सैल झाले आहे, आणि रबर बदलून काम भागू शकते. कॉम्प्रेसरच गेला असेल आणि फ्रिज बारा-पंधरा वर्षांचा असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. नवा घेताना वीजबचतीच्या लेबलवरील ताऱ्यांच्या संख्येपेक्षा त्याखाली छापलेला वर्षभराच्या युनिटांचा आकडा वाचावा आणि त्याला १२ ने भागावे, म्हणजे भाडेकरूच्या मीटरवर पडणारा महिन्याचा भार कळतो. लेबलवरचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलचे पाच तारे आणि आजचे पाच तारे यांची बरोबरी होत नाही. दोन-तीन माणसांच्या घराला १८० ते २०० लिटरचा एका दाराचा डायरेक्ट कूल फ्रिज पुरतो. त्यात बर्फ साचतो हे खरे, पण रचना साधी असल्यामुळे बिघाड कमी होतात. खानापूरकडच्या ओल्या पावसाळ्यात फ्रिजचा तळ गंजतो, म्हणून तो स्टँडवर ठेवावा.

चिमणीऐवजी मी एग्झॉस्ट पंख्याचा पुरस्कार करतो. चिमणी नियमित साफ केली नाही तर तिच्यात तेल साचते, आणि भाड्याच्या घरात ती साफ करण्याची जबाबदारी कोणीच आपली मानत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत आधी पाणी कुठले ते पाहावे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येते, तर उपनगरांत अनेक घरे बोअरवेलवर आहेत. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर क्षार गाळणाऱ्या आरओ यंत्राची गरज नसते आणि त्यात वाया जाणारे पाणीही वाचते. अतिनील किरणांनी जंतू मारणारे साधे यूव्ही यंत्र पुरेसे ठरते.

दुरुस्तीची सोय पाहणे सीमाभागात विशेष महत्त्वाचे आहे. निपाणीची मंडळी जवळ पडते म्हणून कोल्हापुरात खरेदी करतात आणि त्यात काही वावगे नाही. पण तक्रार नोंदवताना कंपनी घराचा पिनकोड विचारते, आणि निपाणीच्या पिनकोडवर तंत्रज्ञ कोणत्या गावाहून येतो हे खरेदीआधीच विचारून घ्यावे. अनेक हमीपत्रांत हमी केवळ घरगुती वापरापुरती असते, त्यामुळे पीजी किंवा खाणावळ चालवणाऱ्यांनी ती अट नीट वाचावी. बिलाची एक प्रत भाडेकरूकडे द्यावी. भाडेकरारात उपकरणाचे नाव, मॉडेल क्रमांक आणि घर देतानाची स्थिती लिहावी, झिजेने होणारी दुरुस्ती मालकाची आणि निष्काळजीपणाने झालेली भाडेकरूची असे स्पष्ट नोंदवावे, म्हणजे डिपॉझिट परत करताना तोंड वाकडे होत नाही.

जुना फ्रिज शक्यतो नव्याच्या बदल्यात दुकानदाराला किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाला द्यावा. रस्त्यावरच्या भंगारवाल्याने नळी तोडली की आतला वायू हवेत सुटतो, आणि काही फ्रिजमधला वायू ज्वलनशीलही असतो. जुना फ्रिज नेला जाईपर्यंत अंगणात किंवा जिन्याखाली ठेवायचा असेल, तर त्याचे दार काढून ठेवावे, कारण खेळता खेळता मूल आत शिरले तर जुन्या कुलपी दाराचा फ्रिज आतून उघडत नाही.