गोळी पोटात गेली, रक्तात पोचली का?

मंडळी, विदर्भात कुणाचं रक्त कमी निघालं की डॉक्टरांच्या मनात आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार येतो. यायलाच हवा, आपल्या भागात तो आहेच. पण समजा ती तपासणी चांगली आली, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताईंनी त्या इमानेइतबारे घेतल्या, चहासोबत नाही, संत्र्याच्या रसासोबत घेतल्या. तरी हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मग घरचे म्हणतात, "तूच गोळ्या चुकवत असशील." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ताई गोळी घेताहेत, त्यांचं आतडं ती घेत नाही.

असं होण्याचं एक कारण म्हणजे सिलियाक. या आजारात गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांमधल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. सगळ्यात जास्त मार बसतो तो आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, आणि लोह, कॅल्शियम, फोलिक आम्ल मुख्यतः तिथेच शोषलं जातं. चरबी नीट पचत नसेल तर ड जीवनसत्त्वही वाया जातं. म्हणून कधी कधी महागडी टॉनिकं घेऊनही अंगी लागत नाहीत.

थायरॉईडच्या गोळीबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सिलियाक आणि थायरॉईड कमी पडणं, हे दोन्ही आजार एकाच माणसात बऱ्याचदा भेटतात. थायरॉक्सिनची मात्रा १०० मायक्रोग्रॅमवरून १२५, मग १५० होते, आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा) काही खाली येत नाही. अशा वेळी आधी साधं विचारावं: गोळी उपाशीपोटी घेता का? लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवता का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर मात्रा आणखी वाढवण्याआधी सिलियाकची तपासणी करावी.

निदान झालं, गहू बंद झाला, म्हणजे काम संपलं असं समजू नका. खरी गफलत इथेच होते. अंकुर हळूहळू परत वाढतात, मोठ्या माणसांत त्याला कित्येक महिने, कधी काही वर्षंही लागतात. जसजसं आतडं सुधारतं तसतशी तीच १५० ची गोळी जास्त होऊ लागते. धडधड, झोप उडणं, वजन उतरणं सुरू होतं. शिवाय हाडं विरळ होतात, आणि कॅल्शियमअभावी ती आधीच कमजोर असतात! म्हणून गहू सोडल्यावर टीएसएच पुन्हा पुन्हा तपासून मात्रा उतरवत न्यावी लागते.

काही औषधांचं उलटंही होतं. अंकुरांच्या टोकाशी औषध मोडणारं एक एन्झाइम असतं. अंकुरच झिजले तर ते कमी पडतं, आणि सिम्वास्टॅटिनसारखं कोलेस्टेरॉलचं औषध रक्तात जास्त पोचतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांत के जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. म्हणजे "शोषण कमी, तर मात्रा वाढवा" हा सरसकट नियम नाही.

पोळी सोडूनही फरक पडत नसेल तर स्वयंपाकघर पाहा. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो. डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गोळ्यांमधला स्टार्च बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, पण क्वचित गव्हाचाही असू शकतो. औषधाच्या दुकानात विचारा, आणि कंपनी बदलली तर पुन्हा विचारा.

आज हे ऐकून घरी जाऊन लगेच गहू बंद करू नका. गहू सुटला की रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं (सिलियाकच्या रक्ततपासणीत हीच मोजतात) उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही तपासणी स्वच्छ येऊ शकते. रक्ततपासणी, आणि लागली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून होणारी तपासणी, दोन्ही पूर्ण होईपर्यंत पोळी खात राहा. डॉक्टरांकडे जाताना फक्त चिठ्ठी नका नेऊ, घरातल्या सगळ्या गोळ्यांची आणि टॉनिकांची पिशवीच सोबत न्या.