प्रवेशाचं पत्र आलं, जून अजून बाकी आहे

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत ज्यांची मुलं बारावीत आहेत, त्यांच्या घरात सध्या जरा मोकळं वाटत असेल. मार्चअखेर कॉलेजांचे निकाल लागले, आवडत्या कॉलेजचा टीशर्ट घरी आला, पुण्या-नागपूरच्या आजी-आजोबांना फोनही करून झाले. आणि नेमका इथेच आपल्या मराठी आई-बाबांचा हिशोब चुकतो. महाराष्ट्रात आधी बारावीचा निकाल लागतो आणि मग प्रवेश मिळतो. प्रवेश झाला की बारावीचा विषय संपला. इथे उलटं आहे. प्रवेश डिसेंबरात किंवा मार्चमध्ये होतो आणि बारावीच्या शेवटच्या ग्रेड येतात जूनमध्ये. म्हणून तुमच्या हातात आलेला प्रवेश सशर्त आहे.

ते पत्र आज पुन्हा उघडा आणि अभिनंदनाच्या खालचा मजकूर वाचा. ज्या दर्जाच्या ग्रेड बघून प्रवेश दिला, तोच दर्जा वर्षअखेरपर्यंत टिकायला हवा, अशा अर्थाचं वाक्य तिथे सापडेल. कुठे आकडाही दिलेला असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अटींमध्ये साधारणपणे बारावीचा वेटेड जीपीए (म्हणजे ग्रेडच्या गुणांची सरासरी, कठीण विषयांचा जादा गुण धरून) ३.० आणि डी किंवा एफ ही सगळ्यात खालची ग्रेड एकही नको, असं असतं. कॅम्पसप्रमाणे तपशील बदलतो, म्हणून स्वतःचंच पत्र वाचायचं. सहा विषयांत चार बी, एक सी आणि एक डी आला, तर बीचे ३, सीचे २ आणि डीचा १ धरून साधा, म्हणजे जादा गुणाशिवायचा, जीपीए २.५ वर येतो. एपी किंवा ऑनर्स या जास्त कठीण वर्गांचा जादा गुण मिळाला तरी डी हा डीच राहतो.

मुलं एकदम नापास होत नाहीत. घसरण होते ती न दिलेल्या गृहपाठामुळे. पाच असाइनमेंटमध्ये प्रत्येकी ९० मिळाले आणि सहावी दिलीच नाही, तर सरासरी थेट ७५ होते. तीच सहावी अर्धवट का होईना देऊन ५० मिळवले, तर सरासरी ८३ च्या वर राहते. म्हणून कंटाळा आला, झोप झाली नाही, तरी कोरं सोडू नका. जेवढं जमेल तेवढं द्या. दर रविवारी संध्याकाळी आठ मिनिटं शाळेचं पोर्टल उघडा, फक्त ‘मिसिंग’ लिहिलेल्या नोंदी शोधा आणि उशिरा दिलेलं काम चालतं का, ते सोमवारी शिक्षकांना विचारा. मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी परीक्षा होतात. त्या संपल्या की मुलांना वाटतं, वर्गही संपला. पण त्यानंतरचा प्रोजेक्ट ग्रेडमध्ये धरला जातो. हे बऱ्याच घरांत कळतं ते जूनमध्ये.

दुसरी चूक म्हणजे विषय सोडणं. अर्जात कॅल्क्युलस किंवा स्पॅनिशचं चौथं वर्ष लिहिलं असेल, तर दुसऱ्या सत्रात ते परस्पर बदलू नका. आधी शाळेतल्या मार्गदर्शकाशी, म्हणजे काउन्सेलरशी बोला, मग कॉलेजला लिहून विचारा आणि उत्तर आल्यावरच बदल करा.

ग्रेड खरोखरच घसरली असेल, तर गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. शेवटची गुणपत्रिका कॉलेजला द्यावीच लागते, आणि तिथे ती वाचली जाते. त्यावरून कधी खुलासा मागतात, कधी शिष्यवृत्ती जाते, तर कधी जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशच रद्द होतो. तोवर १ मे, म्हणजे कॉलेज नक्की करायची नेहमीची मुदत, उलटलेली असते आणि बाकीच्या कॉलेजांना मुलाने स्वतःच नकार कळवलेला असतो. म्हणून आधीच प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. त्यात काय झालं, आत्ता ग्रेड काय आहे आणि ती सावरायला काय चाललंय, एवढंच लिहा. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. आणि आई-बाबा, ही ईमेल मुलालाच लिहू द्या. तुम्ही शेजारी बसा, वाचून द्या, धीर द्या. पण पालकांनी रदबदली केली की कॉलेजला मुलाची जबाबदारी दिसत नाही.

आता शेवटचं काम. शाळेची अंतिम गुणपत्रिका सहसा आपोआप जात नाही. ज्या कॉलेजला जायचं ठरलंय, तिथे ती पाठवा, असं काउन्सेलरच्या कार्यालयात सांगावं लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची त्यासाठीची मुदत १ जुलै आहे. शाळेचं कार्यालय उन्हाळ्यात बंद होण्याआधी ही विनंती नोंदवा आणि नंतर आठवडाभराने कॉलेजच्या पोर्टलवर गुणपत्रिका ‘मिळाली’ असं दिसतंय का, ते बघा. दिसत नसेल तर त्याच दिवशी शाळेला फोन करा.